प्रतापरावांची हनुवटी

मिरजेच्या रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या चौघांची हनुवटी एकच होती, आणि प्रतापराव हेरवाडे सोडले तर ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

एक इस्लामपूरचे मास्तर, एक भाजी विकणारी बाई, एक कॉलेजात जाण्याच्या वयाचा मुलगा आणि एक निवृत्त फौजदार. वय, गाव, अंगकाठी, कशाचाच कशाला मेळ नाही. पण ओठांच्या खाली आलं की सगळे सख्खी भावंडं. गोल, गुळगुळीत आणि मधोमध एक देखणी खळी. फौजदारांनासुद्धा खळी! प्रतापरावांनी तोंडावरचा रुमाल सारखा केला आणि मनातल्या मनात कानाला खडा लावला, की आपण काही ही हनुवटी घेऊन जयसिंगपुरात शिरायचं नाही.

आत डॉक्टर इनामदारांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर प्रतापरावांचाच चेहरा होता, तीनदा, आणि तिन्हींना नवा जबडा बसवलेला होता.

"हं, हेरवाडे. पहिली, दुसरी की तिसरी?"

प्रतापरावांनी फोनवर टाइप केलं. वर्षापूर्वी कर्करोगानं त्यांचा उजवा जबडा हनुवटीसकट नेला होता. बोलता येत होतं, पण ते फक्त बायकोला कळायचं. बाहेरच्यांसाठी फोन बोलायचा, आणि तो बोलायचा एखाद्या नम्र, शहरी, दुपारी दोनला बातम्या देणाऱ्या पोरासारखा. प्रतापरावांना त्याचा मनस्वी राग होता.

"मला ही हनुवटी नको आहे," फोन गोड आवाजात म्हणाला. "ही हनुवटी बाहेर बाकावर बसलेली आहे."

डॉक्टर हसले. माणूस भला होता. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सगळं नीट समजावून सांगितलं.

जबडा छापणं आता अवघड राहिलेलं नव्हतं. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायच्या, आणि मग छपाईयंत्रानं त्या एका विरघळणाऱ्या जाळीवर थरावर थर चढवत न्यायच्या. आत हाड, वर स्नायू, त्यावर कातडी. पुढं काही आठवड्यांत जाळी विरघळून जाते आणि मागं उरतो तो माणसाचा स्वतःचा, जिवंत, दुखणारा-खुपणारा जबडा. पेशींना सगळं कळतं. आपण हाड व्हायचं की कातडी, हेसुद्धा त्या ठरवतात. कळत नाही तो फक्त आकार. तो यंत्राला आधी द्यावा लागतो. त्यासाठी एक प्रोग्रॅम होता. तो रोग्याचे जुने फोटो चाळायचा आणि गेलेला भाग कसा असेल याचा अंदाज बांधायचा.

आणि घोडं पेंड खात होतं ते इथंच. गेल्या पस्तीस वर्षांत कुठल्याच फोननं माणसाचा फोटो जसाच्या तसा ठेवला नव्हता. बटण दाबायच्या आतच फोन कातडी घासून घ्यायचा, गाल बसवायचा, हनुवटी सरळ करायचा. लोकांना आपण बरे दिसतो याचा आनंद व्हायचा, आणि पुढं पुढं फोन असं काही करतो याचाच विसर पडला. कोट्यवधी फोटो निघाले, पण खरा चेहरा एकातही नव्हता. प्रोग्रॅम शिकला तो या घासलेल्या चेहऱ्यांवर. त्याच्या लेखी महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला जन्मतःच खळी होती.

"माझा स्कॅन?" फोननं विचारलं.

"तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. स्कॅनमध्ये गाठीचा आकार आहे, तुमचा नाही." मग डॉक्टरांना आठवलं. "व्हिडिओ असतील की! तुम्ही तर एवढी मैदानं गाजवलीत."

प्रतापरावांनी कपाळावर हात मारला. सूतगिरणीतली सुपरवायझरची नोकरी पोटासाठी होती. जीव होता तो कुस्तीच्या मैदानात. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात जत्रेचं मैदान भरलं की निवेदनाला हेरवाडे पाहिजेतच. कुणाचा पट कुणी काढला, कोण कुणाचा पठ्ठ्या, कुणाच्या आज्यानं कुठली गदा मारली, सगळं जिभेवर. व्हिडिओ ढिगानं होते. पण प्रत्येकात कॅमेरा होता पैलवानांवर. आणि चुकून वर आलाच तर प्रतापरावांच्या तोंडापुढं माइक. आयुष्यभर लोकांपुढं राहिलेला माणूस, आणि त्याचा जबडा कुणीही टिपला नव्हता.

"मग एकच मार्ग आहे," डॉक्टर म्हणाले. "आमच्या मॉडेल विभागात शिकवतात. कॉम्प्युटरवर आकार घडवायला. बहुतेक करून रोग्यांची मुलं येतात. तुमच्या घरी कुणी?"

"मी," फोन म्हणाला.

"तुम्ही यापूर्वी कधी...?"

"नाही. मी."

डॉक्टरांनी मान डोलावली, पण एक गोष्ट बजावली. मागच्या खेपेला काढलेल्या मगजातल्या पेशी दिवाळीच्या सुमारास तयार होतील. तयार झाल्या की त्या कुणासाठी थांबत नाहीत. आठवड्याभरात छापल्या नाहीत तर मरतात. आणि पुन्हा मगज काढावा एवढी ताकद प्रतापरावांच्या अंगात राहिलेली नव्हती. तोवर मॉडेल आलं तर ते छापायचं, नाहीतर पडद्यावरचा दोन नंबरचा जबडा.

*

आता यात एवढं काय अडलं होतं, असं कुणीही विचारेल. साठीच्या घरातला माणूस, जीव वाचला, खायला-बोलायला जबडा मिळतोय, मग खळी असली काय आणि नसली काय!

अडलं होतं सुजाताबाईंपाशी.

सुजाताबाई म्हणजे प्रतापरावांच्या पत्नी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना वळण लावून निवृत्त झालेल्या. आजारपणात त्यांनी नवऱ्याचं सगळं केलं. नळीतून पेज घातली, जखमा धुतल्या, रात्रीचं जागरण केलं, आणि 'तंबाखू सोडा म्हणून मी सांगत होते' हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही. फक्त एक गोष्ट त्या करत नव्हत्या. त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या. ताट पुढं ठेवायच्या ते ताटाकडे बघत. बोलायच्या ते खांद्याकडे, भिंतीकडे, दाराकडे बघत. जखम धुताना जखमेकडे बघायच्या, चेहऱ्याकडे नाही.

"मऊ झालाय का भात?" त्या दिवशीही त्यांनी पाण्याच्या तांब्याला विचारलं.

"झालाय," प्रतापराव म्हणाले. त्यांचं ते चिरकं, घरंगळलेलं 'झालाय' सुजाताबाईंना बरोबर कळलं. त्यांनी तांब्याकडे बघूनच मान हलवली.

हिला किळस येते, हे प्रतापरावांनी स्वतःशी कधीच ठरवून टाकलं होतं. त्यात तिचा दोष नाही, हेही ठरवलं होतं. अर्धा चेहरा गेलेल्या माणसाकडे कोण बघेल? पण खळी लावून आलो तरी ती बघणार नाही, कारण तो कुणीतरी परकाच माणूस असेल. तिनं बघायला हवं तर चेहरा तोच पाहिजे, लग्नानंतर तिच्यासमोर म्हातारा होत गेलेला. प्रतापरावांना दिवाळीपर्यंत एवढंच मिळवायचं होतं. त्यांनी हे तिला सांगितलं नाही. "फिजिओथेरपी आहे," असं सांगून ते दुसऱ्या दिवसापासून मिरजेची बस धरू लागले.

*

मॉडेल विभागात तेजल वांगीकर नावाची मुलगी शिकवायची. विशी-पंचविशीची, तोंडाळ, हाताला कधी स्वस्थता नाही. पडद्यावर करड्या रंगाचा एक गोळा होता आणि हातात एक पेन. पेन टेकवून ओढलं की गोळ्याला उंचवटा यायचा, बटण दाबून ओढलं की खड्डा पडायचा.

"काका, ही माती समजा."

प्रतापरावांनी वाकून पडदा हुंगला. "मातीला वास असतो," फोन म्हणाला. "ताक, तेल आणि हळदीचा."

"ही आखाड्यातली नव्हे, काका. पेन धरा."

पहिल्या आठवड्यात त्यांनी जे घडवलं त्याला बटाटा म्हणणं हा बटाट्याचा अपमान होता. पेन जास्त दाबलं जायचं, आणि गोळा फिरवायचं बटण ते दरवेळी विसरायचे. एकदा समोरून बघून त्यांनी झकास हनुवटी काढली. मिशीवरून हात फिरवत तेजलला हाक मारली. तिनं येऊन मॉडेल बाजूनं फिरवलं, तर हनुवटी चपातीसारखी सपाट, आणि गळ्यापाशी एक भलामोठा सुळका.

"समोरून बघत बसलात," ती म्हणाली. "फिरवत राहायचं, काका. प्रत्येक ओढीनंतर फिरवायचं. पैलवान एकाच बाजूनं बघता का तुम्ही?"

ते मात्र त्यांना पटलं. त्यानंतर ते मॉडेल फिरवायला विसरले नाहीत. पण मग बारकाव्यांचा नाद लागला. आकार धड नसताना त्यांनी दाढीचे खुंट काढायला घेतले, कातडीची छिद्रं टोचत बसले, आणि मॉडेल इतकं जड करून ठेवलं की कॉम्प्युटरनं मान टाकली. दिवसभराचं काम गेलं. तेजलनं डोळे मोठे केले.

"आधी हाड! मग मांस! कातडी सगळ्यांत शेवटी! किती वेळा सांगायचं?"

"सूतगिरणीत मी पोरांना असंच रागवायचो," फोन म्हणाला. "चालू द्या."

मग एक दिवस त्यांना 'आरसा' नावाचं बटण सापडलं. ते दाबलं की डाव्या बाजूचा आकार जसाच्या तसा उजवीकडे उतरायचा. डावा जबडा तर शाबूत होता! हे आधी का नाही सांगितलं म्हणून त्यांनी तेजलकडे रागानं बघितलं आणि बटण दाबलं. पडद्यावर जो माणूस आला तो पत्त्यातल्या राजासारखा दिसत होता. दोन्हीकडे सारखाच, आणि जिवंत वाटत नव्हता. वर प्रोग्रॅम दर थोड्या वेळानं चौकट काढून अदबीनं विचारायचा, 'चेहरा सुधारू का?' प्रतापरावांनी आरसा बंद केला, चौकट बंद केली, आणि पुन्हा गोळ्यापासून सुरुवात केली.

गणपती येऊन गेले, पाऊस सरला. बसमध्ये ते डोळे मिटून स्वतःचा जबडा आठवत बसायचे. तो त्यांना पाठ होता. उभ्या आयुष्यात रोज सकाळी न्हाणीघरातल्या आरशासमोर त्यावरून वस्तरा फिरवला होता. कुठं वळण, कुठं खाच, कुठं जिवणीपाशी घडी, बोटांना ठाऊक होतं. पेन आता हातात बसलं होतं. दाबायचं कुठं, सोडायचं कुठं, हे विचार न करता व्हायला लागलं. एका दुपारी तर ते इतके रंगले, की पडद्यावर उजवा गाल भरत आणताना तोंडातून, फोन न वापरता, मैदानी थाटात काहीतरी निघून गेलं. कुणालाच कळलं नाही, पण सगळा विभाग वळून बघायला लागला.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मॉडेल झालं. तेजलनं तपासलं. दातावर दात बसत होते, सांधा फिरत होता, जिभेला जागा होती. ती बराच वेळ मॉडेल फिरवत राहिली.

"काका, खरंच सांगते, मला वाटलं नव्हतं," ती म्हणाली.

आता एकच सोपस्कार उरला होता. छपाईआधी घरच्या एका माणसानं मॉडेल बघून हो म्हणायचं, असा विभागाचा नियम होता. मागं एका रोग्यानं स्वतःला सिनेमातल्या नटाचा जबडा बसवून घेतला होता आणि घरी गेल्यावर त्याच्या आईनं दारच लावून घेतलं होतं, तेव्हापासूनचा.

प्रतापरावांनी सुजाताबाईंना मिरजेला आणलं. बसमध्ये सगळं सांगितलं. फिजिओथेरपी नव्हती, हे होतं. सुजाताबाई खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या.

*

तेजलनं पडद्यापुढं खुर्ची ठेवली. सुजाताबाईंनी चष्मा पुसला, घातला आणि बघितलं. प्रतापराव मागं उभे होते.

"कोण आहेत हे?" सुजाताबाईंनी विचारलं.

तेजलला वाटलं, चष्मा नीट नसेल. "काकू, हे काकाच आहेत. काकांनीच केलंय."

"ते नाहीत हे."

"अगं मीच आहे!" प्रतापराव न राहवून म्हणाले. "रोज बघितलाय मी हा चेहरा. रोज सकाळी!"

सुजाताबाईंनी मॉडेलकडे पुन्हा निरखून बघितलं. वर उचललेली हनुवटी. ताणलेला उजवा गाल. आत ओढून धरलेला खालचा ओठ. डावीकडे सरकवलेली जिवणी. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी हळूच स्वतःच्या कपाळाला हात लावला.

"अहो, हे तुम्ही दाढी करतानाचे आहात."

तेजलनं पडद्याकडे बघितलं, आणि आता तिलाही दुसरं काही दिसेना. माणूस स्वतःचा चेहरा बघतो केव्हा? वस्तरा फिरवताना. गाल ताणून, मान उंचावून, ओठ मुडपून. प्रतापरावांनी महिनोन्‌महिने खपून नेमका तो चेहरा घडवला होता जो न्हाणीघराच्या बाहेर कुणी कधी पाहिलाच नव्हता. बोलताना, खाताना, कुणाचं ऐकताना आपण कसे दिसतो, हे त्यांना कधी कळण्याचा प्रश्नच नव्हता. आणि छापला असता तर जबड्याचे स्नायू तसेच ताणलेले बसले असते, जन्मभर.

प्रतापराव खुर्चीत बसले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच म्हाताऱ्यासारखे बसले.

"दोन नंबर छापा," फोन गोड आवाजात म्हणाला.

"गप्प बसा," सुजाताबाई म्हणाल्या. फोनला की नवऱ्याला, ते कळलं नाही. त्या तेजलकडे वळल्या. "किती दिवस आहेत?"

"आठवडाही नाही, काकू. पेशी तयार झाल्यात."

"तेवढे पुरेत. अहो, ते पेन द्या इकडं."

*

दुसऱ्या दिवसापासून दोघं एकाच पडद्यापुढं बसायला लागले. आणि गंमत अशी, की कालपर्यंत ज्याला शिकवून शिकवून तेजलचा घसा बसला होता, तो माणूस आता शिकवत होता.

"फिरव. समोरनं बघू नकोस नुसतं."

"फिरवायलीय की!"

"दाबू नकोस एवढं. बघ, भोक पडलं."

"मग तुम्हीच धरा पेन," सुजाताबाई वैतागून म्हणाल्या, "मी सांगते."

तसंच ठरलं. हात प्रतापरावांचा, डोळे सुजाताबाईंचे. मात्र सुजाताबाईंचे डोळे मिटलेले असायचे. त्या डोळे मिटून सांगायच्या आणि उघडून पडद्यावर ताडून बघायच्या.

"हनुवटी खाली घ्या. अजून. तुम्ही काही सतत आभाळाकडं बघत नव्हता. हां. आणि मधोमध नाही ती, डावीकडं सरकलेली आहे जराशी."

"माझी हनुवटी वाकडी होती?"

"पहिल्यापासनं. मुलगी बघायला आला होता तेव्हापासनं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यात बोलायचं काय? मी हो म्हटलं होतं की."

प्रतापराव पेन ओढत राहिले. मग ओठांवर आले आणि अडले. ओठ मिटलेले ठेवायचे की किंचित उघडे? तेजल म्हणाली, स्नायू सैल असतानाचा चेहरा पाहिजे, विसाव्याचा. प्रतापराव म्हणाले, बोलतानाचा बरा, लोकांना तोच माहीत आहे.

"लोकांचं काय करायचंय?" सुजाताबाई म्हणाल्या. "ऐकतानाचा घाला."

"म्हणजे?"

"मी काही सांगत असले की तुम्ही तोंड उघडून बसायचा. थोडंसंच. खालचा ओठ पुढं यायचा, आणि हे इथं, बाजूला, सगळं सैल व्हायचं. शाळेतलं काही सांगत असले की."

"मी ऐकायचो?"

"कधी कधी," सुजाताबाई म्हणाल्या. तेजल खाली मान घालून हसली.

तो ओठ जमायला दीड दिवस गेला. काही केल्या येईना. कधी बावळट दिसे, कधी रुसलेला. सुजाताबाई सोडायला तयार नव्हत्या. शाळेत त्यांनी पाढे म्हणवून घेतले असतील ते असेच. "पुन्हा," त्या म्हणायच्या, आणि प्रतापराव निमूटपणे खोडून पुन्हा लागायचे. एकदा प्रोग्रॅमनं चौकट काढून विचारलं, 'चेहरा सुधारू का?' "नको," दोघं एकदम म्हणाले.

शेवटी राहिला तो जबड्याचा मागचा कोपरा, कानाखालचा. सुजाताबाईंनी डोळे मिटले.

"इथं एक शीर होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही रागावला की उठायची. दात आवळायचा तेव्हा. त्याच्याखाली स्नायू असा गाठीसारखा झाला होता, आवळून आवळून."

प्रतापरावांना तो राग आठवला. तंबाखूचा विषय निघाला की ताट सरकवून उठणं आठवलं. "ती नको घालायला," ते म्हणाले.

"घाला."

"अगं, कशाला? मिळतोय नवा तर तेवढं एक नको."

"घाला म्हणते ना. ती नसली की ते तुम्ही नव्हे." मग त्या जरा नरमल्या. "आणि ती उठली की मला कळायचं, आता गप्प बसावं. कळायला नको का मला?"

प्रतापरावांनी पेन टेकवलं आणि स्वतःचा राग स्वतःच्या हातानं घडवला. फार नाही, सुजाताबाई म्हणाल्या तेवढाच. मग पेन खाली ठेवलं.

"सुजाता," ते म्हणाले. ते तिला नावानं हाक क्वचितच मारत. "तुला एवढं सगळं आठवतंय. शीर आठवतीय, ओठ आठवतोय. मग वर्षभर माझ्याकडं बघितलं का नाहीस? किळस येते म्हणून सांग. मी काही वाईट वाटून घेणार नाही."

सुजाताबाई पडद्याकडेच बघत होत्या. तेजल उठून बाहेर जायला निघाली, पण त्यांनी तिला हातानं बसवलं. लपवण्यासारखं काही नव्हतं.

"ऑपरेशन झालं त्या दिवशी बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "टक लावून बघितलं. घरी आले, देवासमोर बसले, डोळे मिटले, तर तुमचा आधीचा चेहरा येईना. हाच यायचा. टाके घातलेला. घाबरले मी. फोटो काढून बघितले, तर एकात पण तुम्ही नाही. सगळ्यात ते गुळगुळीत कोणीतरी. मग मला कळलं, की तुम्ही आता कुठंच उरला नाही, मी एकटीच उरले आहे तुम्हाला आठवायला. तो आठवणीतला चेहरा पण पुसला गेला असता तर?" त्या पडद्याकडे बघतच सांगत राहिल्या. "म्हणून नाही बघितलं. रोज स्वयंपाक करताना आठवायचे. दारात उभे राहिलात की कसे दिसायचा, चहा पिताना कसे. उजळणी केल्यासारखं. नवा चेहरा बघितला असता तर जुना गेला असता."

वर्षभर आपण दूर लोटलो गेलो असं मानून चाललेला माणूस, आणि ही बाई इतके दिवस भाकरी थापताना त्यालाच जपत बसली होती! त्यांचे डोळे भरून आले. पुसायला रुमाल शोधला तर रुमाल तोंडाला बांधलेला. तो सोडून त्यांनी त्यानंच डोळे पुसले.

"काकू, एकदा शेवटचं बघून घ्या," तेजल म्हणाली.

तिनं मॉडेल सावकाश फिरवलं. समोरून, बाजूनं, खालून. करड्या रंगाचा, वाकड्या हनुवटीचा, तोंड किंचित उघडं टाकून बसलेला एक साधासुधा माणूस. देखणा म्हणण्यासारखा मुळीच नाही. जबड्यामागं रागाची गाठ असलेला, आणि तरी कुणाचं तरी ऐकत बसलेला. सुजाताबाई खुर्चीत पुढं सरकल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "हे आमचेच."

"पाठवू? एकदा गेलं की बदल नाही होत."

"पाठव."

तेजलनं बटण दाबलं. भिंतीपलीकडे कुठंतरी यंत्र सुरू झाल्याचा बारीक आवाज आला, आणि पडद्यावर आलं, की मॉडेल मिळालं, जपून ठेवलं.

सुजाताबाईंनी ते वाक्य वाचलं. बोट लावून पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी आपली खुर्ची वळवली, पूर्ण, नवऱ्यासमोर येईल अशी, चष्मा नाकावर नीट बसवला आणि वर्षभरात पहिल्यांदा मान वर करून बघितलं. ओढलेला उजवा गाल, टाक्यांची रेघ, हनुवटीच्या जागचा खळगा, तिरकी झालेली जिवणी. घाई नव्हती. त्या एकेक जागा बघत वर आल्या, डोळ्यांपर्यंत, आणि तिथं थांबल्या. हजारो लोकांपुढं कधी न अडखळलेल्या प्रतापरावांना नजर कुठं ठेवावी ते कळेना.

"अहो," सुजाताबाई म्हणाल्या, "तुम्ही बरेच शिल्लक आहात की."